केळ्यावरचे ठिपके, गालावरचा तीळ

सावद्याच्या पोरांना केळ्याबद्दल काही सांगायला मी जाणार नाही. आपली अक्कल कुठे चालत नाही, हे माणसाला कळलं पाहिजे. रावेर तालुक्यातलं हे गाव, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे नजर जाईल तिथवर केळीच्या बागा. इथल्या रेल्वे स्टेशनातून केळ्यांच्या वॅगनी भरून थेट दिल्लीकडे जातात. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कांदेबाग कधी लावतात आणि मृगबाग कधी, हे इथला पाचवीतला पोरगा झोपेतसुद्धा सांगेल.

म्हणून मी सांगत नाही, फक्त विचारतो. पिवळंधमक केळं दोन दिवस घरात राहिलं की त्याच्या सालीवर ते तपकिरी ठिपके येतात, ते कुठून?

'सडायला लागलं म्हणून,' असं म्हणणार असाल तर थांबा. ठिपके पडलेलं केळं सोलून बघा. आतला गर चांगला असतो, उलट जास्तच गोड लागतो. ठिपका हा फक्त सालीचा मामला आहे. सालीच्या पेशींमध्ये डोपामीन नावाचं एक रसायन असतं. मेंदूबद्दलच्या गप्पांत ज्याचं नाव ऐकता, तेच हे! त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असतं. विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक कामं भराभर उरकून देणारा रेणू. केळं पिकत जातं तसे पेशीतले पडदे ढिले पडतात, डोपामीन आणि विकर यांची गाठ पडते, त्यात हवेतला ऑक्सिजन सामील होतो आणि तपकिरी रंग तयार व्हायला लागतो.

असाच खेळ तुमच्या शर्टावरही झालेला असतो. केळीचा घड उतरवताना दांडा कापला की पाण्यासारखा चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा त्याला काही रंग नसतो. तासाभराने बघावं तर तपकिरी डाग, आणि तो असा पक्का की साबण हरतो, ब्रश हरतो, शेवटी आई हरते. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळेच ठेवलेले असतात. चिकातल्या रसायनांना हवा लागते आणि ती रंग धरतात. भाजीसाठी चिरलेलं वांगं लगेच पाण्यात टाकतात, तेही याच कारणाने. हवा लागली की ते काळं पडतं.

आता जरा आपल्या कातडीकडे वळू. तिच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांचं शास्त्रीय नाव मेलॅनोसाइट, आपण त्यांना रंगपेशी म्हणू. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण हजार ते दोन हजार! या पेशी टायरोसीन नावाचं रसायन घेतात आणि त्यापासून मेलॅनिन हा काळा-तपकिरी रंग बनवतात. या कामाला त्यांना जे विकर लागतं, त्याचं नाव टायरोसिनेज. केळ्याच्या सालीतलं विकर आणि हे टायरोसिनेज एकाच घराण्यातली आहेत. दोघांच्याही पोटात, जिथे खरं काम चालतं त्या जागी, तांब्याचे दोन अणू असतात. तुमच्या कातडीत तांबं आहे, हे माहीत होतं का?

हे साम्य नुसतं गमतीचं राहिलेलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ईपीएफएल नावाची मोठी संस्था आहे. त्या संस्थेचे ह्यूबर्ट जिरो आणि त्यांचे सहकारी कातडीतलं टायरोसिनेज मोजणारं एक यंत्र तयार करत होते. कातडीचा मेलॅनोमा नावाचा एक कर्करोग आहे, त्यात हे विकर वाढतं आणि वेगळ्या तऱ्हेने पसरतं. यंत्र माणसावर लावण्याआधी कशावर तरी तपासायला हवं होतं. त्यांनी काय निवडलं असेल? पिकून ठिपके पडलेली केळी! त्यांचं हे काम २०१६ साली जाहीर झालं, म्हणजे जळगावच्या केळ्याला मानांकन मिळालं त्याच वर्षी. आपल्या बाजारात ज्या केळ्याला गिऱ्हाईक नाक मुरडतं, ते तिकडे प्रयोगशाळेत मानाने मांडून ठेवलं होतं.

मेलॅनिन आपल्याला हवं कशाला, तेही सांगतो. रंगपेशीला लांब लांब फांद्या असतात. त्यांतून ती आजूबाजूच्या तीस-चाळीस साध्या पेशींना रंगाचे कण वाटत राहते. साधी पेशी ते कण घेते आणि कुठे ठेवते? आपल्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला, ऊन येतं त्या अंगाला. केंद्रकात डीएनए असतो आणि उन्हातले अतिनील किरण तो बिघडवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तुमचे बाबा डोक्याला उपरणं गुंडाळून बागेत जातात ना, तसंच तुमच्या कातडीतली एकेक पेशी डोक्यावर मेलॅनिन घेऊन बसलेली असते.

आणि एक गंमत. गोरा माणूस आणि काळा माणूस यांच्या अंगावर रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती कण बनवतात, किती मोठे बनवतात आणि ते किती टिकतात यात. गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात करणाऱ्यांना हे कुणीतरी एकदा सांगायला हवं.

हे सगळं आज सांगण्याचं कारण माझी भाची. ती सावद्याला आठवीत आहे. तिच्या डाव्या गालावर, नाकाच्या जरा खाली, एक काळाभोर तीळ आहे. वर्गातली पोरं 'माशी बसली, माशी बसली' करतात. तिने आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, "नको व माय, लक्ष्मी आहे ती." शेजारच्या काकूंनी चुना आणि सोडा कालवून लावायला सांगितला. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत लसूण चोळायला सांगितलं होतं. मग तिने मला फोन केला. "मामा, काढून टाकू का?"

'काढ' किंवा 'नको काढू' असं एका शब्दात सांगून मोकळं होता आलं असतं. पण जे काढायचं ते आहे तरी काय, हे आधी बघायला नको का?

तीळ म्हणजे रंगपेशींचा गट. एरवी या पेशी एकमेकींपासून अंतर राखून बसतात, तिळात त्या दाटीवाटीने जमतात. का जमतात? आपल्या डीएनएमध्ये तीन अब्जांहून जास्त अक्षरं आहेत. कधीतरी एखाद्या रंगपेशीत बीरॅफ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होते. फक्त एका! त्या चुकीमुळे पेशीला 'वाढ, दुप्पट हो' असा हुकूम सारखा मिळत राहतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत त्या वाढू लागतात. बहुतेक साध्या तिळांत हीच चूक सापडते.

आता कान टवकारा. मेलॅनोमा या कर्करोगाच्या पेशींमध्येसुद्धा बऱ्याचदा नेमकी हीच चूक असते. घाबरलात? शास्त्रज्ञही चक्रावले होते. चूक तीच, मग तीळ बापडा जन्मभर गालावर गप्प कसा बसतो? ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २००५ साली याचा एक धागा पकडला. तिळातल्या पेशी थोड्या वाढल्या की त्यांच्यातली आवर घालणारी यंत्रणा जागी होते आणि विभाजन बंद पाडते. पेशी मरत नाहीत, रंग बनवतच राहतात, पण दुप्पट होणं थांबतं. म्हणजे तुमच्या अंगावरचा प्रत्येक साधा तीळ ही एक मोडून काढलेली दंगल आहे. ही यंत्रणा फसायला एक चूक पुरत नाही, वरून आणखी काही चुका व्हाव्या लागतात. ते फार क्वचित घडतं.

किती क्वचित? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक हिशोब मांडला आहे. चाळिशीच्या आतल्या माणसाचा एखादा ठरावीक तीळ वर्षभरात बिघडून मेलॅनोमा होण्याची शक्यता दोन लाखांत एक किंवा त्याहूनही कमी. हा त्यांच्याकडचा हिशोब, जिथे गोरी कातडी जास्त आणि म्हणून हा आजारही जास्त. भारतात वर्षाला लाख माणसांमागे एकालाही तो होत नाही, आणि लहान मुलांमध्ये तर तो फारच दुर्मिळ.

पण मग सगळे तीळ काढूनच टाकले तर? काळजीच नको! असं भाचीलाही वाटलं होतं. तसं होत नाही. मेलॅनोमा दहांतल्या सातांत जुन्या तिळातून येतच नाही, स्वच्छ कातडीवर नव्याने उगवतो. तीळ काढून कर्करोग टाळायचा हा बेत म्हणूनच फसवा आहे.

रंगपेशी मुळात येतात कुठून, हे मला सगळ्यात आवडतं. तुम्ही आईच्या पोटात काही आठवड्यांचे होता तेव्हा या पेशी कातडीत नव्हत्याच. पुढे जिथे पाठीचा कणा होणार त्या जागेजवळ त्या जन्मल्या. ज्या मूळ पेशींपासून चेहऱ्याची काही हाडं आणि बऱ्याचशा नसा तयार होतात, त्यांच्यातूनच यांचाही जन्म. मग त्या पाठीकडून निघाल्या आणि पोट, हात, पाय, बोटांची टोकं असा सगळा अंगभर प्रवास करत गेल्या. आधी कातडीच्या खालच्या थरातून, मग वर चढून जागेवर. पण प्रवास म्हटला की काही जण मधेच राहणार.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कमरेवर किंवा ढुंगणावर निळसर-करडा डाग दिसतो का बघा. आपल्याकडे पुष्कळ बाळांना तो असतो. या त्या मधे अडकलेल्या रंगपेशी, खालच्याच थरात राहून गेलेल्या. मेलॅनिन तर काळं-तपकिरी, मग डाग निळा कसा? ते इतकं खोल असतं की तिथवर पोहोचलेल्या उजेडातला लाल भाग शोषला जातो आणि निळा भाग वाटेतच विखरून परत येतो. आकाश निळं दिसतं त्यातही उजेडाच्या विखुरण्याचाच हात असतो. शाळेत जायच्या वयापर्यंत हा डाग बहुधा आपोआप फिका होत जातो. परदेशात मात्र यावरून भलताच घोळ होतो. तिकडच्या पाळणाघरातल्या बाईंनी असा डाग कधी पाहिलेला नसला, तर त्यांना तो माराचा वळ वाटतो. म्हणून तिकडे डॉक्टर बाळाच्या कागदपत्रांत आधीच त्याची नोंद करून ठेवतात.

तिळाचंही असंच. पेशी वर असतील तर तो सपाट आणि गडद, खाली उतरल्या तर उंचवट्याचा आणि फिका. एकाच तिळाचं आयुष्यात रूप बदलू शकतं: लहानपणी सपाट ठिपका, पुढे फुगीर, म्हातारपणी कातडीच्या रंगाचा, कधी तर पार नाहीसा.

काही तीळ जन्मापासून असतात, साधारण शंभर बाळांत एकाला. बाकीचे नंतर उगवतात, बहुतेक पस्तिशी-चाळिशीपर्यंत. मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ सहज सापडतात. मोजायचा कंटाळा असेल तर एक युक्ती. लंडनमधल्या संशोधकांनी सुमारे साडेतीन हजार जुळ्या बहिणींच्या अंगावरचे तीळ मोजले (कुणाला कसली हौस!). २०१५ साली त्यांनी जाहीर केलं की उजव्या हातावर अकराहून जास्त तीळ असतील, तर सगळ्या अंगावर शंभराहून जास्त निघण्याची शक्यता बरीच असते. हा अंदाज गोऱ्या बायकांचा आहे, आपल्याला तो तसाच लागू पडेल असं नाही. तरी हात बघायला काय जातं?

सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे तीळसुद्धा एकाच जागी नसतात. किती तीळ येणार याचा कल आईबापांकडून येतो, पण चूक नेमक्या कोणत्या पेशीत होईल हे कुणी ठरवत नाही. म्हणूनच तीळ ही चांगली ओळखखूण. पासपोर्टच्या अर्जात अंगावरची ठळक खूण विचारतात, तिथे लोक बिनधास्त 'डाव्या गालावर तीळ' लिहितात. हातावर तीळ म्हणजे पैसा, पायावर म्हणजे भटकंती, ओठावर म्हणजे तोंडाळ, असं घरोघरी सांगतात. भटक्यांचे आणि घरकोंबड्यांचे पाय शेजारी शेजारी ठेवून तीळ मोजावेत असा माझा जुना बेत आहे. पाय दाखवायला कुणी तयार होत नाही.

गंमत अशी की एका हाताने आपण तीळ काढायला निघतो आणि दुसऱ्या हाताने लावतो. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतो, ती आंघोळीबरोबर जाते. जुन्या बायकांच्या हनुवटीवर हिरवट गोंदणाचे ठिपके दिसतात, ते मात्र जात नाहीत. सुईने टोचलेला रंग कातडीच्या खालच्या थरात जातो, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात आणि धरून ठेवतात. एक मेली की तिचा रंग दुसरी गिळते. आजीचं गोंदण साठ वर्षं टिकलं ते असं, एकीकडून दुसरीकडे जात जात.

तर आता भाचीचा प्रश्न. मी तिला उलट विचारलं, का काढायचाय? यावर सगळं अवलंबून आहे.

एक कारण म्हणजे शंका. तीळ नेहमीसारखा दिसत नाही. एक बाजू दुसरीशी जुळत नाही, कडा वेड्यावाकड्या किंवा पुसट आहेत, एकाच तिळात काळा, तपकिरी, तांबूस असे रंग मिसळलेत, स्केल लावली तर तो ६ मिलिमीटरहून मोठा भरतो. यांतलं एखादं लक्षण निरुपद्रवी तिळातही असू शकतं. सगळ्यात महत्त्वाचा असतो तो बदल. महिन्या-दोन महिन्यांत रंग किंवा आकार पालटणं, न लागता रक्त येणं, खपली धरणं, सारखी खाज. अंगावरचे बाकीचे तीळ एका जातीचे आणि हा एकटाच निराळा, असं वाटलं तरी दाखवायचं. जन्मापासूनचा तळहाताहून मोठा तीळ असेल तर तोही डॉक्टरांच्या नजरेखाली राहिला पाहिजे. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

मुलांच्या बाबतीत एक सूट आहे. तुम्ही वाढता तसा तीळही अंगाच्या मापाने थोडा वाढतो. दुसरीत असतानाचा तीळ आठवीत मोठा दिसला म्हणून दचकू नका. वाढदिवसाला त्याच्या शेजारी कंपासपेटीतली पट्टी धरून फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी डोळ्यांच्या आठवणीपेक्षा तो फोटो खरं सांगेल.

कधी कधी शाळकरी वयात तिळाभोवती पांढरं कडं येतं. घरात लगेच कोडाची कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा ते शरीराच्या संरक्षक पेशींचं काम असतं, त्या तिळातल्या रंगपेशींना हुसकून लावत असतात. पुढे तीळ विरतो, काही वर्षांनी पांढरा भागही बहुधा भरून येतो. एकदा डॉक्टरांना दाखवावं, इतकंच.

आणि तळपाय बघायला विसरू नका. मेलॅनोमा म्हटला की ऊन आणि गोरी कातडी आठवते, पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध कमी आणि बघणारं कुणी नाही. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. आधी वाटलं, फुटबॉल खेळताना लागलं असेल. १९८१ साली ते गेले तेव्हा फक्त ३६ वर्षांचे होते. अनवाणी फिरणाऱ्या आजोबांच्या तळव्यावर नवा काळा डाग दिसला, तर तो 'लागलं असेल' म्हणून सोडायचा नाही.

दुसरं कारण, तीळ अडचणीचा असतो. कमरपट्ट्याखाली घासतो, कंगव्यात अडकतो, दाढी करताना कापतो. मग काढावा की. त्यात काही मोठं नाही.

आणि तिसरं, तो आवडत नाही. भाचीचं हेच होतं. मी तिला म्हटलं, न आवडणं हे खोटं कारण नाही. आजीला लक्ष्मी वाटते म्हणून तू तीळ ठेवायला नको, आणि चार पोरं माशी म्हणतात म्हणून काढायलाही नको. पण तीळ काढला की त्या जागी काहीच उरत नाही असं नसतं. व्रण उरतो. गालावरचा व्रण बहुधा बारीक होतो, छातीवरचा आणि खांद्यावरचा पसरतो. काही जणांची कातडी व्रण भरताना थांबतच नाही, फुगीर गाठ करून ठेवते. घरात कुणाचा कान टोचल्यावर तशी गाठ आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. शिवाय साध्या तिळाला घाई नसते. आठवीत नकोसा वाटणारा तीळ बारावीत हवासाही वाटू शकतो.

राहिला चुना-सोडा. इथे मात्र मी तिला दटावलंच. चुना आणि सोडा मिळून तीव्र अल्कली तयार होतं, ते तिळाबरोबर आजूबाजूची कातडीही जाळतं. लसणाने फोड येतात. बिब्ब्याचं तर बोलायलाच नको, त्याच्या तेलाने उतलेली कातडी ज्यांनी पाहिली आहे ते पुन्हा नाव काढत नाहीत. लिंबू बिनधोक वाटतं, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतो. घोड्याचा केस बांधतात तो चामखिळीला, आणि चामखीळ वेगळी. काही चामखिळी विषाणूमुळे होतात, काही नुसत्या कातडीच्या लोंबत्या घड्या असतात. तीळ त्यातला नाही.

जाळण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो मला भाजण्याहून मोठा वाटतो. तीळ राख झाला की तो काय होता ते कधीच कळत नाही. वर कातडी भरते, खाली उरलेल्या पेशींमधून तो पुन्हा उगवतो, आणि तोही असा वेडावाकडा की साधा तीळ असूनही भयंकर दिसावा. तपासणाऱ्या डॉक्टरांचीही पंचाईत. गल्लीतल्या पार्लरमध्ये लेसर मारून घेतला तरी हीच अडचण, तपासायला हातात तुकडा उरत नाही.

नीट काढायचा असला तर काय होतं? जळगावला २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, धुळ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. खासगी त्वचारोगतज्ज्ञही आता तालुक्याच्या गावी सापडतात. डॉक्टर आधी डर्मोस्कोप नावाच्या दिव्याच्या भिंगाने तीळ बघतात. पुष्कळदा काम तिथेच संपतं, 'साधा आहे, जा घरी.' काढायचा ठरला तर बधिर करायचं इंजेक्शन. ते क्षणभर चुरचुरतं, हे लपवत नाही. नंतर ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. फुगीर तीळ कधी वरून सपाट कापतात, शंका असेल तर मुळासकट काढून टाके घालतात. चेहऱ्यावरचे टाके आठवड्याच्या आतबाहेर निघतात.

आणि काढलेला तीळ? तो फेकत नाहीत. फॉर्मलिनच्या छोट्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तिथे तो मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ काप काढतात. काप इतके पातळ की त्यांचा रंगच दिसत नाही. म्हणून रंगवावे लागतात, जांभळ्या आणि गुलाबी रंगाने. त्यातला जांभळा रंग मिळतो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून! शंभराहून जास्त वर्षं झाली, जगभरच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळा पेशी बघायला याच लाकडाच्या रंगावर विसंबून आहेत. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं की पेशी शिस्तीत बसल्या आहेत की घुसखोरी करताहेत. त्यावरून मिळणारा कागद घरच्यांनी जपून ठेवायचा.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दहावी झाली की बघू." तोवर वाढदिवसाचा फोटो. पट्टी तिने लगेच शोधलीही.

पण फोन ठेवण्याआधी तिने मला अडकवलंच. "मामा, आजोबांच्या नाकाजवळच्या तिळावर एवढा जाड केस का येतो? बाकी गालावर तर इतका जाड नाही." याचं उत्तर अगदी ताजं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत मॅक्सिम प्लिकस यांच्या गटाने २०२३ साली ते छापलं. तिळातल्या वाढ थांबलेल्या पेशी नुसत्या बसून नसतात, त्या ऑस्टिओपाँटिन नावाचा एक रेणू सोडत राहतात. शेजारच्या केसाच्या मुळाला तो रेणू पोहोचला की मूळ जागं होतं आणि केस जोमाने वाढतो. आता शास्त्रज्ञांना हाच रेणू वापरून टकलावर झोपी गेलेली केसांची मुळं उठवता येतात का, हे बघायचं आहे. तिळावरचा केस कात्रीने कापला तर काही बिघडत नाही, हेही तिला सांगितलं, कारण आजोबा तो कापायला घाबरतात.

तिने सगळं आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावं तसं ऐकवलं. आजोबांनी आधी डोक्यावरून हात फिरवला, मग नाकाजवळ चाचपून बघितलं आणि विचारलं, "तो अमेरिकेचा माणूस तीळ विकत घेतो का?"